दाब… धर… सोड

ती. ताईस,

तुझ्या धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. (कंबर हल्ली जिथे अडकते ते बघता आठांपैकी चारच अंगं जमिनीला लागली आहेत. उरलेली पोहोचली असं मानून घे.) पत्र लिहायचं कारण म्हणजे तुझा फोन. मी बोलायला लागलो की तुझा नातू तो हिसकावतो आणि माझ्या कानात नुसता श्वास सोडतो. त्याच्याकडून सुटून फोन तुझ्या हातात येईपर्यंत तुझं दूध उतू जायला लागतं, आणि तू “बरं बरं, ठेव आता” म्हणून मोकळी होतेस. पत्र कोणी हिसकावलं तरी परत सापडतं, म्हणून लिहायला बसलो.

गुडघा कसा आहे? अजून उजवाच कुरकुरतो की डाव्यालाही त्याची संगत लागली? डोळ्यांत थेंब घालतेस का, की बाटली नुसती उशाशी ठेवून गुण येण्याची वाट बघतेस? इकडे आम्ही सगळे मजेत आहोत. (सगळे म्हणजे मी आणि तुझी भावजय. सगळे म्हणायची जिभेला सवय आहे, ती काही जात नाही.) दुकान चालू आहे. गिऱ्हाईक येतं, तुझ्या स्टुलाकडे बघतं आणि विचारतं, ताई कधी येणार? मी म्हणतो, येईल. गेले कित्येक महिने हेच म्हणतोय. आता विचारणारे विचारताना थोडे हसतात.

भाचीचा निरोप मिळाला. “मामा, आई आता इकडेच राहील असं ठरलंय, तर तिचं पायमशीन आणि ट्रंक पाठवून दे.” निरोप मी दोनदा ऐकला. त्या विषयाकडे मी येणारच आहे, टाळतोय असं समजू नकोस. पण आधी ब्रेकचं सांगतो, कारण तो विषय निकडीचा आहे.

तू गेलीस तेव्हा माझी गाडी म्हणजे मागच्या शेडमध्ये उभा केलेला चौकोनी पाइपांचा सांगाडा होता. हा पलंग आहे की कोंबड्यांचा खुराडा, असं तूच विचारलं होतंस. आता त्याला इंजिन आहे (भंगारात निघालेल्या व्हॅनचं, पण स्वभावाने चांगलं), चाकं आहेत, स्टिअरिंग आहे आणि दोन सीटं आहेत. सीटांची कव्हरं मी शिवली आहेत आणि त्यांच्याबद्दल कोणाचा बाप काही बोलू शकणार नाही. इंजिन सुरू होतं. गाडी पुढे जाते, मागे जाते. फक्त थांबत नाही. पहिल्यांदा तिला शेडच्या भिंतीने थांबवलं. दुसऱ्यांदा तुझ्या भावजयीने वाळत घातलेल्या गोधड्यांनी, आणि तेव्हापासून आमच्या घरात ब्रेक हा शब्द रोज जेवताना निघतो.

आता ब्रेक म्हणजे काय ते सांगतो, कारण “मला काय कळतंय त्यातलं” असं म्हणून तू हे पान उलटशील. पायाखाली पेडल असतं. पेडल दाबलं की तेल ढकललं जातं. ते तेल बारीक धातूच्या पाइपांतून चारी चाकांपर्यंत जातं आणि तिथे चाकांना आवळून धरतं. झालं. अवघड आहे ते पाइप कुठून कसे न्यायचे ते ठरवणं. कारखान्याच्या गाडीत ते आधीच कोणीतरी ठरवून ठेवलेलं असतं. घरी केलेल्या गाडीत सगळं आपल्यालाच ठरवायचं, आणि मी पडलो शिंपी. मी म्हटलं, यात काय आहे? अंगावर कापड बेतायचं तसंच हे, फक्त अंग लोखंडाचं आणि बारीक झाल्याची तक्रार न करणारं.

म्हणून मी आधी पायजम्याची नाडी घेतली आणि पेडलपासून मागच्या चाकापर्यंत सांगाड्याला लावून बघितली. खडूने खुणा केल्या. मग नाडी वाकते कशीही, धातू तसा वाकत नाही, हे ध्यानात आल्यावर दुकानातले तारेचे हँगर सरळ केले आणि त्यांचे नमुने वाकवले. (हे कोणालाही जमलं नसतं. हँगर कोणाकडे इतके असतात?) परिणाम एवढाच झाला की शिवून तयार झालेले सगळे कपडे कपाटात ढिगाने पडले. ज्याचा त्याचा शर्ट शोधायला तुझ्या भावजयीला अख्खा ढीग उपसावा लागतो आणि प्रत्येक शर्टागणिक ती माझ्याकडे एकदा बघते.

समोरचे डेपोवाले तुला आठवत असतील. बसडेपोत जन्म काढलेले मेकॅनिक, चौकड्यांचा शर्ट, ऐकायला कमी, बोलायला भरपूर. ते रोज खुर्ची घेऊन शेडमध्ये येतात आणि मला शिकवतात. त्यांची अडचण अशी की त्यांच्या बसचे ब्रेक हवेवर चालायचे, आणि माझ्या ब्रेकमध्ये हवा शिरली की ब्रेक संपले. हवा दबून जाते आणि पेडल खुशाल खाली जातं. जन्मभर जिला जपलं त्या हवेला म्हातारपणी हाकलायचं म्हणजे त्यांना फितुरी केल्यासारखं वाटतं. तरी माझी नाडी बघताच ते म्हणाले ते खरं होतं. मी सर्वांत जवळचा रस्ता पकडला होता आणि तो थेट सायलेन्सरला खेटून जात होता. “तेल उकळेल की तिथं! ब्रेक लावायचाय का चहा टाकायचाय?” असं ते ओरडले. (स्वतःला ऐकू येत नसल्यामुळे ते सगळ्यांशी ओरडूनच बोलतात.) मग सगळा मार्ग सांगाड्याच्या दुसऱ्या अंगाने नेला. हँगर पुन्हा वाकवले.

यानंतर जी चूक झाली ती शिंप्याखेरीज कोणाच्या हातून होणार नाही. पुढच्या दोन चाकांचे पाइप कापायचे होते. मी उजवीकडचं माप घेतलं आणि दोन पाइप शेजारी शेजारी ठेवून एकाच लांबीचे कापले. बाह्या कापतो तसे. दोन हात, दोन बाह्या, दोन चाकं. आयुष्यात मी कधी दोन बाह्यांची दोन मापं घेतलेली नाहीत. पण ज्यातून तेल निघतं ते भांडं बसवलंय उजवीकडे पेडलपाशी, त्यामुळे उजवा पाइप नीट बसला आणि डावा गाडीच्या मध्यावर येऊन संपला. डेपोवाल्यांनी तो हातात धरला, चाकाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, “अर्धी बाही ठेवलीत होय?” तेव्हापासून गल्लीत माझ्या गाडीला अर्ध्या बाहीची गाडी म्हणतात.

ते मनाला इतकं लागलं की पुढच्या प्रत्येक पाइपात मी माया सोडली. आपण कापडात आत सोडतो तशी, उद्या अंग भरलं तर उसवून सैल करता यावं म्हणून. गाडीचं अंग भरत नसतं, हे मला आता समजलंय. जास्तीचा पाइप कुठेतरी मावायला हवा म्हणून मी त्याचे मागच्या बाजूला छान वेटोळे केले. दिसायला एखाद्या झालरीसारखे दिसत होते आणि मी खूश होतो. डेपोवाल्यांनी सांगितलं, वेटोळ्याच्या वरच्या अंगाला हवा जाऊन बसेल आणि तुमच्या सात पिढ्या आल्या तरी ती तिथून निघणार नाही. झालर उसवली. टोकं फुलवायला घेतली, म्हणजे पाइपाचं तोंड हत्याराने पसरट करायचं, म्हणजे नटाखाली ते घट्ट बसतं. दोन्ही टोकं अशी सुबक फुलवली की शेडमध्ये एकटाच वा म्हणालो. मग खिशात हात घातला तर नट खिशात. आता फुललेल्या तोंडावरून तो आत जाणार कसा? नेफा शिवून झाल्यावर नाडी आठवावी तसं झालं. तुझी भावजय दारातच उभी होती. तिने पाइपाचं तोंड बघितलं, माझ्या हातातला नट बघितला आणि वाळत घातलेल्या गोधड्या काढून आत नेल्या.

एक गोष्ट मात्र माझ्या धंद्याने मला बरोबर शिकवली होती, ती लिहिल्याशिवाय राहवत नाही. पुढची चाकं वळतात आणि वरखाली होतात, म्हणून चाकाजवळ पाइपाऐवजी रबराची नळी असते. डेपोवाले म्हणाले, लावा आणि सोडा. मी म्हटलं, थांबा. गिऱ्हाईक सरळ उभं असताना माप घेतलं तर हात वर केल्यावर काखेत फाटतं. मी चाक पूर्ण उजवीकडे वळवलं, पूर्ण डावीकडे वळवलं, गाडी उचलून चाक लोंबतं सोडलं. डावीकडे वळताना नळी टायरला घासत होती! जागा बदलली. डेपोवाल्यांनी खुर्ची जरा मागे सरकवली आणि म्हणाले की आमच्या बसला असलं काही लागत नसे. पाइपाला मी क्लिपाही कच्च्या टाक्यासारख्या जवळजवळ मारल्या आहेत. हा पाइप आहे का परकराची किनार, असं ते विचारतात. विचारू देत. हलणार नाही ना?

आणखी एक जागा आहे, तिथे ते रोज अडतात. मागे जाणारा पाइप डावीकडून सरळ जातो, जातो, आणि तुझ्या सीटपुढे आला की एकदम खाली वळून मोठा वळसा घेतो आणि पुन्हा वर येतो. “हे कशाला? सरळ न्यायचा की. उगाच तेवढा पाइप वाया.” मी म्हणतो, असू दे. ते म्हणतात, काहीतरी कारण असेल ना? मी त्यांना सांगितलं नाही, तुला सांगतो. तुझा उजवा पाय पूर्ण दुमडत नाही. पाय लांब करून बसायला तुला किती जागा लागते ते मला माहीत आहे, तुझे कपडे मीच बेततो. म्हणून त्या बाजूची जमीन मी ग्रिलवाल्याकडून खोल करून घेतली आणि पाइप तिच्या भोवतीने नेला. बसस्टँडवर निघताना तू म्हणाली होतीस, “तुझी ही गाडी चालायला लागली की मला न्यायला ये. या गुडघ्यानं मी काही परत बसच्या पायऱ्या चढायची नाही.” तू हसलीस, बसमधले लोकही हसले. मी हसलो नाही, कारण मी तेव्हा तुझ्या पायाकडे बघत होतो आणि मनात माप घेत होतो.

तर पाइप लागले. तेल भरलं. आता राहिलं हवा काढणं, आणि इथे सगळं अडलंय. या कामाला दोन माणसं लागतात. एकाने वर बसून पेडल दाबायचं आणि दाबून धरायचं. दुसऱ्याने चाकामागे आडवं होऊन एक बारीक स्क्रू उघडायचा, म्हणजे तेलाबरोबर बुडबुडे निघतात, मग स्क्रू बंद करायचा, आणि तो बंद झाल्यावरच वरच्याने पाय काढायचा. जरा आधी काढला की गेलेली हवा परत आत. वरच्याला खालचं दिसत नाही, खालच्याला वरचं दिसत नाही. सगळा कारभार आवाजावर.

पहिल्यांदा डेपोवाले पेडलवर बसले. मी मागच्या डाव्या चाकाखाली. (सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करायची असते.) मी धर म्हटलं की त्यांना सोड ऐकू यायचं आणि सोड म्हटलं की ते “काय?” म्हणून खाली वाकून बघायचे. तेल माझ्या चष्म्यावर, मिशीवर आणि एकदा तोंडात. मग तुझी भावजय बसली. मी दाब म्हटलं की ती म्हणे, दाबलंय की, आणखी किती दाबू. ते एकवेळ चाललं असतं. पण मी धर म्हणालो आणि तेवढ्यात दुकानात गिऱ्हाईकाने हाक मारली. ही “आले, आले” म्हणत पाय काढून गेली, मी स्क्रू धरून तसाच, आणि सगळी हवा चोरासारखी परत आत.

मी तिथेच पडून राहिलो ताई. पाठीखाली थंड फरशी, डोक्यावर माझाच वाकडातिकडा पाइप. आणि मला एकदम जाणवलं की दाब, धर, सोड हे मी आज पहिल्यांदा म्हणत नाहीये. दुपारी अप्पा जेवून जरा आडवे झाले की आपण त्यांच्या मशीनवर बसायचो, आठवतं? माझे पाय पायट्याला पुरायचे नाहीत. तू खाली मांडी घालून बसायचीस आणि दोन्ही हातांनी पायटा चालवायचीस, मी वर कापड धरायचो. कॉलरचं टोक आलं की मी म्हणायचो, धर. सुई कापडात रुतवून तू थांबायचीस. मी कापड वळवायचो आणि म्हणायचो, सोड, नि तू पुन्हा चालू. तुला वरचं काही दिसायचं नाही, मला खालचं. तरी कधी एक टाका पुढे गेला नाही. कॉलरची टोकं इतकी सारखी यायची की अप्पा ती आपणच शिवली समजून गिऱ्हाईकाला देऊन टाकायचे. नंतर माझे पाय पुरायला लागले आणि तू खालून उठून काज-बटणाच्या स्टुलावर गेलीस. पण त्या स्टुलावर तू होतीस. मान वर केली की दिसायचीस. आता मान वर करतो तर भिंतीवरचं कॅलेंडर दिसतं, आणि ते गेल्या वर्षीचं आहे, कारण ते बदलायचं काम तुझं होतं.

तू नाहीस याची मला सवय होईल असं सगळे म्हणतात. मला ती व्हायला नको आहे.

बाकी ठीक. भाचीला आणि जावईबापूंना नमस्कार, नातवाला सांग की त्याच्या श्वासाची आठवण येते. थंडी पडायला लागली असेल तर गुडघ्याला ते लोकरीचं बांधत जा, नुसतं घडी घालून कपाटात ठेवायला मी विणवून घेतलेलं नाही.

तुझा,
रीळ
(या नावाने आता दुसरं कोणी हाक मारत नाही. म्हणून मीच लिहून घेतो.)

ता. क. मशीनचं राहिलंच. ते पाठवायला माझी काही हरकत नाही, पण सध्या त्याच्या फळीवर पाइप वाकवायचा शिकंजा बसवलाय. ब्रेक पुरे झाल्याशिवाय शिकंजा निघायचा नाही. ब्रेक पुरे व्हायला पेडलवर माणूस हवं, आणि माझा आवाज ऐकून पाय हलवणारं माणूस तू एकटीच आहेस. गाडी तुला आणायला निघणार आणि तू आल्याशिवाय गाडी निघणार नाही, असा हा पेच आहे. ट्रंकही अशीच. तिच्यावर डेपोवाले बसतात.

ता. क. म्हणून या एकाच खेपेला बसने ये. पायऱ्यांचा विचार केलाय. तुझं दुकानातलं स्टूल तुमच्याकडे येणाऱ्या सकाळच्या बसच्या ड्रायव्हरकडे देऊन ठेवलंय. डेपोवाल्यांच्या हाताखाली तयार झालेला माणूस आहे तो. तो स्टूल पायरीखाली ठेवील, तू चढ, आणि स्टूल बरोबर घेऊन ये. ते इथलं आहे.

ता. क. (तुमच्या भावजयीकडून.) ताई, हे पत्र पाकिटात घालायला मला दिलं म्हणून वाचलं. हवा केव्हाच निघाली. दुसऱ्या दिवशी दुकान बंद करून मी पेडलवर बसले नि डेपोवाले चाकाखाली गेले. ते ओरडत होते, मला सगळं ऐकू येत होतं. चहा निवायच्या आत चारी चाकं झाली. गाडी गल्लीच्या टोकापर्यंत नेऊन यांनी स्वतः थांबवून दाखवली, लोकांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. तुम्हाला गुडघ्याचा त्रास, उगाच धावपळ करू नका. काजं माझ्याच्यानं तुमच्यासारखी होत नाहीत, हे मात्र खरं आहे.

ता. क. ताई, वरचं सगळं खरं आहे. गाडी थांबली, टाळ्या वाजल्या. मी घरी येऊन बसलो तर बरं वाटेना. काल ही बाजारात गेली तेव्हा मागच्या डाव्या चाकाखाली शिरलो, स्क्रू उघडला, बाहेर येऊन पेडल दाबून सोडलं, आणि स्क्रू तसाच उघडा असताना पुन्हा दाबून सोडलं. मग बंद केला. आता पेडल थेट तळाला जातं. आता ब्रेक खरोखरच नाहीत. कधी येतेस?